कै. डॉ. आनंदीबाई जोशी व आपले कोल्हापूर

डॉ. आनंदीबाईंचा जन्म ३१ मार्च १८६५ रोजी झाला. नवव्या वर्षी गोपाळराव जोशी यांच्याशी विवाह व चौदाव्या वर्षी पुत्रप्राप्ती झाली. परंतु योग्य उपचाराअभावी ते बालक दहा दिवसांतच गेले. या दुःखातून वैद्यक शिकण्याचा निश्चय झाला. ११ मार्च १८८६ रोजी अमेरिकेत फिलाडेल्फिया येथे त्या डॉक्टर झाल्या. प्रबंधाचा विषयही हिंदूंचे प्रसूतिशास्त्र हाच होता. कोल्हापूरच्या आल्बर्ट एडवर्ड हॉस्पिटलातील स्त्रीविभागावर त्यांची नेमणूक झाली. तथापि ते काम हाती घेण्यापूर्वीच २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यास क्षयाने त्यांचा अंत झाला.

तेच रुग्णालय आज छत्रपती प्रमिलाराजे रुग्णालय होय. असे असता कळांपूर्वी पाणमोट फुटली तरी कळांची वाट पाहत घरीच बसणारी कुटुंबे आम्ही पाहिली आहेत. पाणमोट फुटताच गर्भाशयाकडे जंतूंस वाट मिळते. म्हणून घरी आतून तपासणी न करविता तत्काळ रुग्णालय गाठावे. दिवस पुरे भरले नसतील, तर जंतुनाशक औषधे व बाळाची फुप्फुसे लवकर पक्व करणारी इंजेक्शने तेथे देता येतात. एवढे आपल्या घरोघरी पाळले जावे, हेच आनंदीबाईंचे खरे स्मारक होय, असे आम्हांस वाटते.