६१७४ आणि देवळालीचे गणितशिक्षक

मोठी पदवी व विद्वानांचा सहवास यांवांचून गणितांत नवें कांहीं शोधतां येत नाहीं, अशी पुष्कळांची समजूत असते. कै. दत्तात्रेय रामचंद्र कापरेकर यांचें चरित्र ही समजूत दूर करणारें आहे.

कापरेकरांचा जन्म १७ जानेवारी १९०५ रोजीं डहाणू येथें झाला. त्यांचें माध्यमिक शिक्षण ठाण्यास व पुढील शिक्षण पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयांत झालें. १९२७ सालीं त्यांस रँग्लर परांजपे यांच्या नांवाचें गणिताचें पारितोषिक मिळालें. १९२९ मध्यें ते मुंबई विद्यापीठाचे पदवीधर झाले. १९३० पासून १९६२ पर्यंत त्यांनीं नाशिकजवळील देवळाली येथें शिक्षकाचें काम केलें. शाळेंतून उरलेला वेळ अंकांच्या संगतींत घालविणें, हाच त्यांचा विसावा होता. एका जातीच्या संख्यांची कल्पना त्यांस डोंबिवली स्थानकावर सुचली, म्हणून त्या संख्यांस त्यांनीं डेम्लो संख्या असें नांव दिलें.

त्यांच्या शोधांपैकीं सर्वांत प्रसिद्ध शोध ६१७४ या संख्येचा होय. विद्यार्थिमित्रांनो, पाटी घेऊन त्याची प्रचीति पहा. चारहि अंक सारखे नसलेली कोणतीहि चार अंकी संख्या घ्या. तिचे अंक उतरत्या क्रमानें मांडून मोठी संख्या करा, चढत्या क्रमानें मांडून लहान करा, व मोठींतून लहान वजा करा. बाकीवर हीच कृति पुनः करा. कापरेकरांचें जन्मवर्ष १९०५ हेंच घेऊं. ९५१० मधून ०१५९ वजा जातां ९३५१ उरतात. पुढें क्रमानें ८१७२, ७४४३, ३९९६, ६२६४, ४१७६ व सातव्या वेळीं ६१७४ येते. आतां ७६४१ मधून १४६७ वजा केले तरी ६१७४ च! कोणत्याहि संख्येस सातांहून अधिक वजाबाक्या लागत नाहींत.

यांत जादू नाहीं. पहिल्या वजाबाकीची बाकी केवळ दोन अंतरांवर अवलंबून असते: सर्वांत मोठ्या व सर्वांत लहान अंकांतील, आणि मधल्या दोन अंकांतील. म्हणून हजारों संख्यांपासून अवघ्या ५४ बाक्या निघतात. त्या एकेक तपासल्या कीं सिद्धता पुरी होते. शिवाय ६१७४ च्या अंकांची बेरीज १८ असून १८ नें तिला निःशेष भाग जातो. अशा संख्यांस कापरेकरांनीं हर्षद, म्हणजे आनंद देणाऱ्या, असें म्हटलें.

हा शोध त्यांनीं १९४९ सालीं मद्रास येथील गणितपरिषदेंत मांडला. परंतु आपल्याकडील कांहीं गणितज्ञांनीं त्यांचें कार्य क्षुल्लक मानलें. निवृत्तीनंतर तुटपुंज्या वेतनामुळें त्यांस खाजगी शिकवण्या कराव्या लागल्या. तथापि त्यांनीं अंकांचा छंद सोडला नाहीं. १९७५ मध्यें अमेरिकेंतील मार्टिन गार्डनर यांनीं आपल्या लेखांत त्यांची ओळख करून दिली, आणि देवळालीच्या शिक्षकाचें नांव जगभर पोंचलें. १९८६ सालीं ते निवर्तले.

आज ६१७४ ही संख्या देशोदेशीं कापरेकर स्थिरांक म्हणून ओळखली जाते. लोकांनीं नांवाजण्याची वाट न पाहतां आवडीचें काम निष्ठेनें करीत राहावें, हाच बोध त्यांच्या आयुष्यापासून आपण घ्यावा.