आधी देवाचे राज्य : पंडिता रमाबाई

पंडिता रमाबाई हे नाव आपण सर्वांनी शाळेत ऐकलेले असते. स्त्रीशिक्षणाच्या धड्यात महात्मा फुले आणि महर्षी कर्वे यांच्या शेजारी ते येते. परीक्षेत टीप लिहा म्हणून विचारले की शारदा सदन आणि मुक्ती मिशन ही दोन नावे लिहायची, आणि गुण घ्यायचे. रमाबाई ख्रिस्ती होत्या ही गोष्ट मात्र आपण एका वाक्यात उरकतो. मला वाटते, तेवढी एक गोष्ट बाजूला ठेवली तर त्यांच्या आयुष्यातले मोठे निर्णय कळतच नाहीत. वाणिज्य शाखेची विद्यार्थिनी म्हणून त्यांचे चरित्र वाचताना मला त्यात एक विलक्षण जमाखर्च दिसला. तो वाचकांपुढे मांडावा, एवढाच या लेखाचा हेतू.

मत्तयाच्या शुभवर्तमानात येशूने डोंगरावर केलेला उपदेश आहे. काय खावे, काय ल्यावे याची चिंता करीत बसू नका. आकाशातली पाखरे आणि रानातली फुले पाहा. आधी देवाचे राज्य आणि त्याचे न्यायीपण मिळवण्यासाठी झटा, म्हणजे बाकीचे तुम्हाला मिळेल, असा त्याचा सारांश. हा उपदेश ऐकून पुष्कळांना वाटते की हे संन्याशाचे काम, संसारी माणसाचे नव्हे. काहींना वाटते की रविवारी चर्चला जाऊन आले की झाले.

परंतु ‘आधी’ हा शब्द आपल्याला इतका अनोळखी आहे काय? पेडणे तालुक्यातल्या आमच्या केरीत भाताची पहिली कणसे घरी आणून देवापुढे ठेवल्याखेरीज नवा तांदूळ शिजवीत नाहीत. याला आम्ही नवें म्हणतो. गोव्याच्या ख्रिस्ती गावांतही कणसांचा सण होतो आणि पहिली कणसे चर्चमध्ये नेतात. पहिले कणीस देवाला दिले म्हणून कोणी शेती सोडून देत नाही. उलट त्यानंतरच कापणी, मळणी आणि कोठारे भरण्याची धांदल सुरू होते. रमाबाईंचे आयुष्य मला असेच दिसते. पहिले काय हे एकदा ठरले, आणि मग त्यांनी डोंगराएवढे काम उपसले.

आपल्या अंकाचा कन्नड विभाग वाचणाऱ्या मित्रांनाही रमाबाई परक्या नाहीत. २३ एप्रिल १८५८ रोजी त्यांचा जन्म झाला तो सह्याद्रीतल्या गंगामूळच्या रानात, म्हणजे आजच्या कर्नाटकात. वडील अनंतशास्त्री डोंगरे हे संस्कृतचे गाढे विद्वान. त्यांनी पत्नी लक्ष्मीबाई यांना संस्कृत शिकवले, आणि या एका अपराधासाठी त्यांना समाजाचा रोष सोसावा लागला. पुढे हे कुटुंब तीर्थयात्रा करीत, पुराणे सांगत देशभर हिंडले. आईच्या तोंडून ऐकून रमाबाईंनी हजारो श्लोक पाठ केले. मद्रास इलाख्यातल्या दुष्काळात मात्र घर उपाशी पडले. वडील, आई आणि थोरली बहीण एकामागून एक गेली. उरलेली दोघे भावंडे, रमाबाई आणि श्रीनिवास, पायी चालत १८७८ मध्ये कलकत्त्यास पोचली. तेथल्या विद्वानांनी वीस वर्षांच्या या मुलीला पंडिता आणि सरस्वती या पदव्या दिल्या.

सन्मान झाला, पण सुख टिकले नाही. १८८० मध्ये भाऊ वारला. त्याच वर्षी रमाबाईंनी बिपिनबिहारी मेधावी या बंगाली वकिलाशी जातीबाहेर नोंदणी विवाह केला. १८८१ मध्ये मनोरमा जन्मली, आणि १८८२ च्या फेब्रुवारीत पतीला पटकीने नेले. तेविसाव्या वर्षी विधवा झालेली ही विदुषी तान्ह्या मुलीला घेऊन पुण्यास आली. तेथे तिने आर्य महिला समाज स्थापला.

१८८३ मध्ये वैद्यकीचे शिक्षण घेण्यासाठी त्या इंग्लंडला गेल्या. कानाने कमी ऐकू येत असल्यामुळे तो बेत फसला. वाँटेज येथील ख्रिस्ती भगिनींच्या मठात त्या राहिल्या. या भगिनी लंडनमध्ये वाट चुकलेल्या स्त्रियांसाठी एक आश्रम चालवीत. ज्यांना समाजाने टाकून दिले त्यांना येथे मायेने वागवतात, हे पाहून रमाबाई थक्क झाल्या. याचे कारण त्यांनी विचारले, तेव्हा त्यांना येशू आणि विहिरीवरची शोमरोनी स्त्री यांची कथा सांगण्यात आली. त्याच वर्षी २९ सप्टेंबरला त्यांनी बाप्तिस्मा घेतला. म्हणजे देवाचे राज्य त्यांना प्रथम दिसले ते टाकलेल्या बाईला जवळ करण्यात.

मात्र ख्रिस्ती झाल्या म्हणून त्या कोणाच्या ताब्यात गेल्या नाहीत. आहार शाकाहारी ठेवला, वेष देशी ठेवला. धर्मतत्त्वांवर वाँटेजच्या भगिनींशी पत्रांतून कडाक्याचा वाद घातला. देवाची आज्ञा मानीन, पण माणसाने सांगितले म्हणून मान तुकवणार नाही, असा त्यांचा बाणा होता. या बाण्यामुळे हिंदू समाज दुरावला आणि ख्रिस्ती गुरुजनही नाराज झाले.

१८८६ मध्ये आनंदीबाई जोशी यांच्या पदवीदानासाठी त्या अमेरिकेला गेल्या. तेथे उच्चवर्णीय हिंदू स्त्रीच्या स्थितीवर त्यांनी इंग्रजीत पुस्तक लिहिले, गावोगाव व्याख्याने दिली. १८८७ मध्ये बोस्टनला रमाबाई असोसिएशन स्थापन झाली. या संस्थेने विधवांच्या शाळेसाठी दहा वर्षे मदत देण्याचे वचन दिले. ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत चौपाटीवर शारदा सदन सुरू झाले. पहिल्या विद्यार्थिनींत गोदूबाई होत्या, ज्या पुढे महर्षी कर्वे यांच्या पत्नी झाल्या. १८९० मध्ये शाळा पुण्यास गेली. न्यायमूर्ती रानडे आणि डॉ. भांडारकर सल्लागार मंडळावर होते.

येथेच त्यांच्या आयुष्यातला कठीण प्रसंग आला. शाळेत कोणत्याही धर्माचा प्रचार होणार नाही, अशी अट होती. रमाबाई वर्गात धर्म शिकवीत नसत. पण स्वतःच्या खोलीत मुलीसह प्रार्थना करीत, आणि खोलीचे दार उघडे ठेवीत. काही विद्यार्थिनी तेथे येऊन बसू लागल्या. ‘केसरी’ने टीकेची झोड उठवली. १८९३ मध्ये रानडे, भांडारकर यांनी राजीनामे दिले. अनेक पालकांनी मुली काढून नेल्या.

या वादात एकच बाजू खरी असे मला म्हणवत नाही. पालकांनी एका भरवशावर मुली पाठवल्या होत्या. व्यवहारात अट ही अट असते, आणि कोवळ्या वयाच्या, आश्रयाला आलेल्या मुलीवर आश्रयदात्याच्या श्रद्धेचा प्रभाव पडणारच. त्यांची तक्रार अगदीच निराधार नव्हती. दुसरीकडे, आपल्याच खोलीत दार लावून, लपून प्रार्थना करावी, ही अपेक्षा रमाबाईंना मान्य होणे शक्य नव्हते. त्यांनी दार लावले असते तर पुण्याचा पाठिंबा टिकला असता. त्यांनी ते उघडे ठेवले आणि त्याची किंमत मोजली. देवाच्या राज्याला पहिले स्थान देणे हे किती महाग पडते, ते या प्रसंगावरून कळते.

आता त्यांच्या व्यवहाराची बाजू पाहू. अमेरिकेच्या वचनाची दहा वर्षे १८९८ मध्ये संपणार होती. पुढे काय, याचा विचार त्यांनी आधीच केला होता. पुणे-सोलापूर रेल्वेमार्गावर केडगाव येथे सुमारे शंभर एकर जमीन घेऊन तेथे फळबाग लावली, विहिरी खणल्या. बागेच्या उत्पन्नावर शाळा चालावी हा हेतू. देव देईल म्हणून हात जोडून बसणारी ही बाई नव्हती, हे वाणिज्याच्या विद्यार्थ्यांनी ध्यानात घ्यावे.

पण बागेचे उत्पन्न हाती येण्यापूर्वीच १८९६-९७ चा दुष्काळ आला. मध्यप्रांतात माणसे अन्नावाचून मरत असल्याच्या बातम्या आल्या. रमाबाईंना आपल्या घरातली उपासमार आठवली. अंदाजपत्रकात या मुलींसाठी एक रुपयाही नव्हता. कोणताही हिशेबनीस नकोच म्हणाला असता. त्या स्वतः दुष्काळी भागात गेल्या आणि तीनशे मुली वाचवण्याचा संकल्प केला. तेव्हा पुण्यात प्लेग होता, आणि अधिकाऱ्यांनी शाळेत नव्या मुली ठेवण्यास मनाई केली. म्हणून या मुलींना केडगावच्या शेतावर नेले. तात्पुरत्या झोपड्या उभ्या राहिल्या, आणि तेच मुक्ती सदन झाले. १९०० च्या गुजरातच्या दुष्काळानंतर तेथील संख्या जवळजवळ दोन हजारांवर गेली.

एवढ्या माणसांचे रोजचे जेवण कोठून येत होते? इंग्लंडमध्ये ब्रिस्टल येथे जॉर्ज म्यूलर यांनी कोणाकडे पैसे न मागता, केवळ प्रार्थनेच्या बळावर अनाथाश्रम चालवले होते. त्यांचे चरित्र रमाबाईंनी वाचले होते. कोणाच्या कायमच्या हमीवर न विसंबता आपणही तसेच चालायचे, असे त्यांनी ठरवले. मदत देशातून आली, परदेशातून आली, आणि बरीचशी मुलींच्या कष्टांतून उभी राहिली. मुक्तीत शेती होती, गाईगुरे आणि दूधदुभते होते, हातमाग होते, तेलाचा घाणा होता, शिवणकाम होते, छापखाना होता. काल ज्यांना लोक पांढऱ्या पायाच्या म्हणत त्या मुली आज खिळे जुळवू लागल्या. आंधळ्या मुलींना मनोरमा ब्रेल लिपी शिकवू लागली. फसवल्या गेलेल्या स्त्रियांसाठी कृपा सदन, म्हाताऱ्यांसाठी प्रीती सदन निघाले. पुढे गुलबर्ग्यालाही शाळा निघाली आणि रमाबाईंचे काम त्यांच्या जन्माच्या कन्नड मुलखात पोचले.

प्रार्थना आणि चूल मुक्तीत वेगळ्या नव्हत्या. पहाटे उपासना झाली की जात्याची घरघर सुरू व्हावी, विहिरीवर पाणी भरावे, कोणी आजाऱ्याजवळ बसावे, कोणी धडा गिरवावा, आणि हे सारे त्याच एका देवाचे काम मानावे, ही तिथली शिकवण. रोजच्या जगण्यात देवाचे राज्य म्हणजे काय, याचे याहून सोपे उत्तर मला सापडत नाही.

उतारवयात त्यांनी आणखी एक काम अंगावर घेतले. खेड्यातल्या साध्या बाईला समजेल अशा मराठीत बायबल असावे, म्हणून त्या हिब्रू आणि ग्रीक शिकल्या, आणि मुळावरून संपूर्ण भाषांतर स्वतः केले. ज्या बाईला संस्कृतच्या पंडितांनी गौरवले, तिने आपली सारी विद्वत्ता साध्या शब्दांच्या शोधात खर्च केली. जुळणी आणि छपाई मुक्तीच्याच मुलींनी केली.

शेवटची वर्षे दुःखाची होती. जिच्यावर संस्था सोपवायची ती मनोरमा जुलै १९२१ मध्ये वारली. चाळिशीच वय तिचे. रमाबाईंनी मुद्रिते तपासण्याचे काम थांबवले नाही. ५ एप्रिल १९२२ रोजी त्यांचे निधन झाले. संपूर्ण बायबल १९२४ मध्ये बाहेर पडले. ते पाहायला त्या नव्हत्या. केडगावचे मुक्ती मिशन आजही काम करीत आहे. भारत सरकारने १९८९ मध्ये त्यांच्या नावाचे टपाल तिकीट काढले.

आता जमाखर्च मांडू. नावे बाजूला आईबाप, बहीण, भाऊ, पती, एकुलती एक मुलगी. पुण्याची मैत्री आणि लोकमान्यता. वाँटेजच्या गुरुजनांची मर्जी. जमेला घर, जमीन, स्वतःची म्हणावी अशी मिळकत काही नाही; आहेत त्या दुष्काळातून उठून उभ्या राहिलेल्या शेकडो मुली. आमच्या पाठ्यपुस्तकातल्या रीतीने हा ताळेबंद जुळत नाही. रमाबाईंना तो जुळलेला वाटत होता, कारण त्यांनी मोजायला सुरुवातच दुसऱ्या टोकाकडून केली होती.

मित्रहो, आपण ख्रिस्ती असू वा नसू, पदवी घेऊन उद्या कोणी बँकेत जाईल, कोणी दुकान चालवील, कोणी घर सांभाळील. पहिला पगार हाती येताच खर्चाची यादी आपोआप तयार होते; आणि दीनदुबळ्यांचे, सत्याचे, देवाचे जे काही, ते उरलेल्या शिलकेतून करू असे आपण म्हणतो. शिलक उरत नाही, हा सर्वांचाच अनुभव. रमाबाईंनी यादीचा क्रम तेवढा बदलला. तो क्रम बदलण्यासाठी केडगावला जावे लागत नाही, शंभर एकर जमीनही लागत नाही. पण दार उघडे ठेवण्याची तयारी लागते, आणि त्यापायी कोण रागावेल याची किंमत मोजण्याचीही.