शाहू महाराजांची गूळपेठ आणि तुमच्या उसाची खतमात्रा

कोल्हापुरी गुळाला नाव मिळाले त्यामागे एका राजाची दूरदृष्टी आहे. राजर्षी शाहू महाराजांचा जन्म कागलच्या घाटगे घराण्यात २६ जून १८७४ रोजी झाला. १८८४ मध्ये ते दत्तक आले, १८९४ मध्ये राज्यकारभार हाती घेतला आणि पुढच्याच वर्षी शाहूपुरीची व्यापारपेठ वसवली. शेतकऱ्याच्या गुळाला हक्काचा बाजार मिळाला.

मग त्यांनी पाण्याकडे लक्ष दिले. भोगावतीवरच्या राधानगरी धरणाचे काम त्यांनीच हाती घेतले. ते पुरे झाले मात्र स्वातंत्र्यानंतर. पन्हाळा भागात त्यांनी चहा-कॉफीची लागवडही करून पाहिली. तो प्रयोग पुढे टिकला नाही, पण दिशा चुकीची नव्हती. चहाला आम्लधर्मी तांबडी माती आणि भरपूर पाऊस लागतो, आणि आपल्या पश्चिम पट्ट्यात दोन्ही आहे. ६ मे १९२२ रोजी, वयाच्या ४७ व्या वर्षी महाराज गेले.

आता तुमच्या शेताकडे या. राधानगरी-गगनबावड्याच्या जांभ्या जमिनीत स्फुरद मातीत अडकून बसतो, तर शिरोळच्या खोल काळ्या रानात जादा पाण्याने क्षार वर येतात. दोन्हीकडे एकच खतमात्रा कशी चालेल? सुरू उसाला हेक्टरी २५० किलो नत्र, ११५ स्फुरद, ११५ पालाश ही सर्वसाधारण शिफारस आहे. माती परीक्षणात एखादे अन्नद्रव्य कमी आले तर त्याची मात्रा २५ टक्के वाढवा, जास्त आले तर तेवढीच घटवा.

गुऱ्हाळाला ऊस देणाऱ्यांनी तर युरियाचा हात आखडताच ठेवावा. नत्र लागणीला १० टक्के, सहा ते आठ आठवड्यांनी ४०, बारा ते सोळा आठवड्यांनी १० आणि मोठ्या बांधणीला उरलेले ४० टक्के द्या. त्यानंतर टाकलेल्या युरियाने ऊस हिरवागार दिसतो, पण रसातली साखर घटते, गूळ काळपट, मऊ होतो आणि लवकर पाझरतो. चोपण रानातला गूळ खारट लागतो, तोही सौद्यात मागे पडतो.

नमुना खत टाकण्यापूर्वीच घ्या. बांध, उकिरडा, झाडाखालची जागा सोडून आठ-दहा ठिकाणची माती एकत्र करा, सावलीत वाळवा आणि अर्धा किलो प्रयोगशाळेत द्या. रान दोन रंगांचे असेल तर नमुनेही दोन.