रंग ओळखता येत नव्हते म्हणून चित्रकला सुटली, पण बेळगावात सायकलचं दुकान उभं राहिलं

आज रोड बाइक घेणारे बुटाला अडकणारं क्लिपलेस पॅडल घ्यावं की साधं, यावर तासन् तास खल करतात. १८८८ च्या बेळगावात प्रश्न त्याच्याही आधीचा होता. दोन चाकांवर बसलेला माणूस पडत कसा नाही?

याचं उत्तर 'किर्लोस्कर ब्रदर्स'च्या दुकानात मिळायचं.

लक्ष्मणराव किर्लोस्करांचा जन्म २० जून १८६९ चा, गुर्लहोसूरचा. मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये शिकताना कळलं की त्यांना रंगांधळेपणा आहे. चित्रकला सुटली. यंत्रांच्या आराखड्यांना मात्र रंग लागत नाहीत. ते शिकून ते व्हीजेटीआयमध्ये शिक्षक झाले.

लक्ष्मणराव मुंबईहून सायकली धाडायचे, थोरले बंधू रामूअण्णा बेळगावात विकायचे. चालवायला शिकवायचे १५ रुपये वेगळे! उंच चाकाच्या जुन्या सायकलींची पॅडलं थेट पुढच्या चाकाला असत. नव्या 'सेफ्टी' सायकलीत ती मध्ये आली आणि साखळीनं मागचं चाक फिरवू लागली. यंत्रवेड्या माणसाला आणखी काय हवं?

पुढे नोकरीत बढती डावलली गेली. लक्ष्मणराव राजीनामा देऊन बेळगावला परतले. कडबा कापायचं यंत्र झालं, मग लोखंडी नांगर. लोखंडानं जमीन नासेल या भीतीनं शेतकरी तो घेईनात. त्यात नगरपालिकेनं जागा सोडायला लावली. शेवटी औंधच्या पंतप्रतिनिधींनी माळरान दिलं आणि १९१० मध्ये तिथं किर्लोस्करवाडी वसली.

लक्ष्मणराव १९५६ मध्ये गेले. पंप बनवणारी किर्लोस्कर ब्रदर्स स्थापनेचं वर्ष आजही १८८८ सांगते. म्हणजे सायकलच्या दुकानाचं.