अर्थतज्ज्ञ धनंजयराव गाडगीळ

दिवाळी झाली की आपल्या गंजाड परिसरातली काही कुटुंबं वीटभट्टीवर कामाला जातात. सोबत मुलंही जातात. पावसाळ्यात परत आलेल्या एखाद्या मुलाला मागच्या वर्षी येणारा शब्द वाचता येत नाही. शिकलेलं अक्षर असं का पुसलं जातं? हाच प्रश्न सुमारे ऐंशी वर्षांपूर्वी अर्थशास्त्राच्या एका प्राध्यापकांनी अभ्यासाला घेतला. ते म्हणजे धनंजय रामचंद्र गाडगीळ.

त्यांचा जन्म १० एप्रिल १९०१ रोजी नाशिकला झाला. उच्च शिक्षण इंग्लंडमध्ये केंब्रिजला झालं. भारतातले उद्योग कसे वाढले, यावरचा त्यांचा ग्रंथ १९२४ मध्ये प्रसिद्ध झाला. पुढे आपल्या डहाणूवरून गाडी जाते ना, त्या सुरतला ते महाविद्यालयाचे प्राचार्य होते.

१९३० मध्ये पुण्यात गोखले अर्थशास्त्र संस्था सुरू झाली आणि गाडगीळ तिचे पहिले संचालक झाले. ही जबाबदारी त्यांनी १९६६ पर्यंत सांभाळली. नुसती पुस्तकं वाचून अर्थशास्त्र कळत नाही, हे त्यांनी कामातून दाखवलं. संस्थेने पुणे शहराची पाहणी केली. माणसं काय काम करतात, किती कमावतात, कशी राहतात, हे घरोघर जाऊन विचारलं.

सातारा जिल्ह्यात तर त्यांनी शाळा सोडलेल्यांचा अभ्यास केला. लवकर शाळा सोडणारे लिहिणं-वाचणं विसरतात का, हे तपासलं. शाळेतली वर्षं वाढली की अक्षर टिकतं, हे त्यातून दिसलं. पुढे वि. म. दांडेकरांनी त्याच जिल्ह्यात गळतीचा आणि नापास होऊन त्याच वर्गात राहणाऱ्या मुलांचा अभ्यास केला. बघा, आपल्या वर्गातली रिकामी जागा हासुद्धा अर्थशास्त्राचा विषय आहे!

गाडगीळ अहवाल लिहून थांबले नाहीत. प्रवरानगरला विठ्ठलराव विखे पाटील आणि शेतकऱ्यांनी सहकारी साखर कारखाना उभारला, त्याचे ते पहिले अध्यक्ष झाले. १९६७ मध्ये ते नियोजन आयोगाचे उपाध्यक्ष झाले. केंद्राची मदत राज्यांना कशी वाटायची, यासाठी १९६९ मध्ये ठरलेलं सूत्र आजही ‘गाडगीळ सूत्र’ म्हणून ओळखलं जातं. त्यात ६० टक्के भार लोकसंख्येला होता आणि १० टक्के वाटा कमी उत्पन्नाच्या राज्यांसाठी होता. ठरलेला नियम आल्यामुळे मदत मर्जीवर राहिली नाही.

३ मे १९७१ रोजी त्यांचं निधन झालं.

मित्रांनो, आता तुमचं काम. आपल्या पाड्यातली कोणती मुलं यंदा बाहेरगावी जाणार आहेत, ते घरोघर विचारा आणि वहीत लिहून गुरुजींना किंवा बाईंना दाखवा. हंगामी वसतिगृह असो की शिक्षण हमी पत्रक, सुरुवात अशाच यादीपासून होते. यादीत नाव आलं, तरच त्या मुलाची सोय होईल, बरं का!