समजून घ्या : पंजाबरावांनी जग शेतकऱ्यांपर्यंत कसे आणले?

चांदूर बाजार : बांगलादेशने आयात शुल्क वाढवले, की इथल्या संत्र्याचे भाव पडतात. शेती आणि परराष्ट्र धोरणाचे हे नाते अमरावती जिल्ह्याचेच सुपुत्र डॉ. पंजाबराव देशमुख यांनी फार आधी ओळखले होते.

कोण होते? पापळ येथे २७ डिसेंबर १८९८ रोजी जन्म. ऑक्सफर्डची डॉक्टरेट. नेहरूंच्या काळात केंद्रीय कृषिमंत्री.

काय केले? १९५५ मध्ये भारत कृषक समाज स्थापला. त्याच संस्थेने डिसेंबर १९५९ मध्ये दिल्लीत जागतिक कृषी प्रदर्शन भरवले. उद्घाटनाला अमेरिकेचे अध्यक्ष आयसेनहॉवर आले.

महत्त्व काय? शीतयुद्ध सुरू असताना अमेरिका आणि सोव्हिएत रशिया एकाच मैदानात आले. अलिप्ततावाद भाषणांतून उतरून शेतकऱ्याच्या नजरेसमोर आला.

पंजाबराव १० एप्रिल १९६५ रोजी गेले. संत्र्याच्या शुल्काचा तिढा मात्र आजही दोन देशांच्या बोलण्यातूनच सुटणार आहे.