विश्लेषण : काचेच्या पेटीत ऑर्किड का सडते? टेरॅरियमचे जनक डॉ. नॅथॅनियल वॉर्ड यांनी २०० वर्षांपूर्वी काय शोधले?

काचेच्या बरणीत मॉसची हिरवी गादी, त्यावर अंगठ्याएवढे ऑर्किड आणि काचेवर साचलेले दवबिंदू... अशा टेरॅरियमचे व्हिडीओ समाजमाध्यमांवर भरपूर दिसतात. ते पाहून हौसेने आणलेले ऑर्किड मात्र अनेकदा महिना-दोन महिन्यांत सडते. हवा दमट ठेवूनही असे का होते, याचे उत्तर टेरॅरियमचा शोध लावणाऱ्या लंडनच्या एका डॉक्टरच्या आयुष्यात सापडते.

कोण होते डॉ. वॉर्ड?

नॅथॅनियल बॅगशॉ वॉर्ड यांचा जन्म १७९१ मध्ये लंडनमध्ये झाला. वडील डॉक्टर होते. तेरा वर्षांचे असताना वॉर्ड जहाजाने जमैकाला गेले. तिथले नेचे आणि ताडवृक्ष पाहून त्यांना वनस्पतींचे जे वेड लागले, ते आयुष्यभर टिकले. पुढे त्यांनी वडिलांचाच व्यवसाय स्वीकारला आणि पूर्व लंडनमध्ये गोदीजवळच्या वेलक्लोज स्क्वेअर येथे दवाखाना चालवला.

घरामागच्या छोट्या अंगणात दगड रचून, त्यावर पाणी ठिबकत ठेवून नेचे आणि मॉस वाढवायचे, असा त्यांचा प्रयत्न होता. पण परिसरात कोळशाचा धूर इतका होता, की एकामागून एक रोपे मरत गेली. अखेर त्यांनी नाद सोडला.

बाटलीत नेमके काय घडले?

वॉर्ड यांना कीटकांचाही छंद होता. १८२९ च्या उन्हाळ्यात त्यांनी पतंगाचा एक कोष ओलसर मातीत पुरून तो रुंद तोंडाच्या काचेच्या बाटलीत ठेवला आणि वर झाकण लावले. कोषातून पतंग कधी बाहेर येतो, एवढेच त्यांना पाहायचे होते. रोज निरीक्षण करताना त्यांना दिसले, की दिवसा उन्हाच्या उबेने मातीतील पाण्याची वाफ होते, ती काचेवर जमते आणि थेंब होऊन पुन्हा मातीत उतरते. पतंग बाहेर येण्याच्या सुमारास त्या मातीतून एक नेचा आणि गवताचे एक पाते उगवले.

अंगणात जगवता न आलेला नेचा बाटलीत आपोआप उगवला होता! वॉर्ड यांनी बाटली खिडकीबाहेर ठेवली. पाण्याचा एक थेंबही न घालता तो नेचा जवळपास चार वर्षे जगला. वॉर्ड बाहेरगावी असताना झाकण गंजले, पावसाचे पाणी आत शिरले आणि तो मेला.

काच धूर अडवते आणि ओलावा धरून ठेवते, हे वॉर्ड यांच्या लक्षात आले. मात्र अशा पेट्या पूर्णपणे हवाबंद नसतात. फटींमधून हवेची देवाणघेवाण सुरूच असते, हे ते पुढे आवर्जून सांगत राहिले.

जहाजावरची परीक्षा कशी झाली?

त्या काळी परदेशातून जिवंत रोपे आणणे म्हणजे जुगार होता. खारे पाणी, जोराचा वारा आणि गोड्या पाण्याची टंचाई यामुळे बहुतेक रोपे वाटेतच मरत. १८३३ मध्ये वॉर्ड यांनी नेचे, मॉस आणि गवत भरलेल्या दोन पेट्या सिडनीला जाणाऱ्या जहाजावर चढवल्या. रोपे सुखरूप पोहोचली. १८३४ च्या फेब्रुवारीत त्याच पेट्यांत ऑस्ट्रेलियातील रोपे भरून परतीचा प्रवास सुरू झाला. केप हॉर्नजवळ डेकवर बर्फ साचला होता आणि पारा उणे सात अंश सेल्सिअसच्या आसपास होता. विषुववृत्तावर तो ४९ अंशांजवळ गेला. नोव्हेंबरमध्ये लंडनमध्ये पेट्या उघडल्या, तेव्हा आतले नाजूक नेचे ताजेतवाने होते.

ऑर्किडशी काय संबंध?

या प्रयोगात वॉर्ड यांना साथ देणारे जॉर्ज लॉडिजेस हॅकनी येथील प्रसिद्ध रोपवाटिकेचे मालक होते. त्यांची रोपवाटिका ऑर्किडसाठी नावाजलेली होती. पूर्वी प्रवासात वीसपैकी एकोणीस रोपे मरत, आता वीसपैकी एकोणीस जगतात, असा त्यांचा अनुभव होता. डेव्हनशायरच्या ड्यूकने १८३५ मध्ये जॉन गिब्सन या तरुण माळ्याला भारतात पाठवले. खासी टेकड्यांतून त्याने जमवलेली ऑर्किड १८३७ मध्ये अशाच पेट्यांतून इंग्लंडला पोहोचली.

वॉर्ड यांनी शोधाचे पेटंट घेतले नाही. १८४२ मध्ये त्यांनी या विषयावर पुस्तक लिहिले. त्यात दाट वस्तीत राहणाऱ्या गरिबांच्या घरी या पेट्यांतून थोडी हिरवळ कशी पोहोचेल, याचाही विचार होता. श्रीमंतांच्या दिवाणखान्यात मात्र ‘वॉर्डियन केस’ची फॅशन झाली. १८५१ च्या लंडनमधील महाप्रदर्शनात १८ वर्षे पाणी न दिलेल्या रोपांची बाटली मांडण्यात आली होती. पुढच्याच वर्षी वॉर्ड रॉयल सोसायटीचे सदस्य झाले. १८६८ मध्ये त्यांचे निधन झाले.

शोधाची दुसरी बाजू कोणती?

याच पेट्यांनी साम्राज्याची शेतीही उभी केली. रॉबर्ट फॉर्च्यून यांनी चीनमधून चहाची हजारो रोपे हिमालयातील मळ्यांसाठी आणली. ब्राझीलच्या बियांपासून लंडनच्या क्यू उद्यानात तयार झालेली रबराची रोपे १८७६ मध्ये ३८ पेट्यांतून श्रीलंकेला गेली. पेटीतल्या मातीबरोबर किडी, बुरशी आणि तणेही देशोदेशी पोहोचली. ऑर्किडच्या हव्यासापायी उष्ण कटिबंधातील जंगले ओरबाडली गेली. नेच्यांच्या वेडामुळे खुद्द ब्रिटनमधील दुर्मीळ नेचेही कमी झाले.

आज टेरॅरियमसाठी ऑर्किड कसे निवडावे?

वॉर्ड यांच्या लेखनाचा गाभा असा, की वनस्पतीला तिच्या मूळ जागी मिळणारा प्रकाश, उष्णता, ओलावा आणि हवा पेटीत द्यावी लागते. म्हणजे आधी वनस्पती समजून घ्यायची, मग पेटी ठरवायची. त्यांचे नेचे आणि मॉस सावलीत, ओल्या मातीत वाढणारे होते, म्हणून ते बंद बाटलीत टिकले. बहुतेक छोटी ऑर्किड झाडाच्या सालीवर वाढतात. त्यांच्या मुळांना ओलावा लागतो, तशीच खेळती हवाही लागते. झाकण घट्ट लावलेल्या बरणीत, ओल्या मातीत ती सडतात ती यामुळेच.

- मॅकोडेस पेटोला : पानांवर सोनेरी नक्षी असलेले हे ऑर्किड जंगलाच्या जमिनीवर, सावलीत वाढते. ऊब आणि दमटपणा त्याला मानवतो. नवख्यांसाठी चांगला पर्याय.
- लुडिसिया डिसकलर : हेही जमिनीवर वाढणारे आणि त्या मानाने काटक. मात्र ते पसरते, त्यामुळे पेटी मोठी हवी.
- हॅरेला : तैवानमधील चिमुकले ऑर्किड. सालीच्या तुकड्यावर बांधून, हवा खेळती असलेल्या पेटीत ठेवावे.
- लेपँथेस : याच्या बहुतेक जाती मध्य आणि दक्षिण अमेरिकेतील ढगाळ डोंगरी जंगलांतल्या. फुले अगदी इवलीशी. पण त्यांना थंड रात्री लागतात, त्यामुळे मुंबईच्या उकाड्यात त्या जगवणे कठीण.

पेटी थेट उन्हात ठेवू नये. काचेमुळे आतले तापमान झपाट्याने वाढते. फवारणीनंतर पानांच्या बेचक्यात पाणी साचून राहणार नाही, हेही पाहावे.

सह्याद्रीतील छोटी ऑर्किड चालतील का?

पश्चिम घाटातही पॉरपॅक्स, डेंड्रोबियम मायक्रोबल्बॉन अशी छोटी ऑर्किड (मराठीत आमरी) आढळतात. पावसाळ्यात ती ढगांत न्हाऊन निघतात. नंतर पाने गाळून, फुगीर खोडात साठवलेल्या पाण्यावर कोरडे महिने काढतात. बाराही महिने दमट असलेल्या पेटीत त्यांना ही विश्रांती मिळत नाही आणि ती कुजतात. त्यामुळे भटकंतीत दिसलेली आमरी काढून घरी आणली, तर जंगलाचे नुकसान होतेच आणि रोपही जगत नाही.

खरेदीपूर्वी विक्रेत्याला तीन गोष्टी विचाराव्यात : रोपाचे शास्त्रीय नाव काय, ते मूळचे किती उंचीवरील प्रदेशातले आणि ते रोपवाटिकेत वाढवलेले आहे का. सर्व ऑर्किडच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर ‘साइट्स’ कराराचे नियंत्रण आहे. त्यामुळे परदेशातून रोपे मागवताना कागदपत्रे तपासून घेणे आवश्यक आहे.